रात्री नऊची गोळी

रात्री नऊ वाजले की आमच्या घरातल्या टीव्हीचा आवाज कमी होतो आणि यजमान पाण्याचे भांडे घेऊन माझ्यासमोर येऊन बसतात. गोळी लहान, लंबगोल आणि फिकट बदामी रंगाची आहे; तिच्यावर ८० हा आकडा कोरलेला असतो. ती गिळून झाली की पट्टीवरच्या रिकाम्या झालेल्या जागेशेजारी मी बॉलपेनने तारीख घालते. पस्तीस वर्षे हजेरीपट भरल्यामुळे हाताला लागलेली ही सवय आहे. पाहुणे बसलेले असले तर त्यांच्या नजरेस पडते ते एवढेच, की बाईंनी रात्रीची एक गोळी घेतली, जशी त्यांच्या घरात कोणी रक्तदाबाची घेते.

मला फुफ्फुसाचा कर्करोग आहे आणि तो चौथ्या अवस्थेतला आहे. हे ऐकल्यावर समोरची व्यक्ती आधी माझ्या केसांकडे पाहते. केस जागेवर आहेत, मी भाजी निवडते आहे, चालत बाजारात जाते आहे, हे पाहून तिला हायसे वाटते आणि मग ठरलेले वाक्य येते, "म्हणजे किमो नाही ना? गोळीच तर आहे!" त्यामागे माया असते हे मला कळते. तरीही या 'गोळीच तर आहे'मध्ये जे दिसत नाही, ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे गेली दोन वर्षे वाटत होते.

सुरुवात २०२१ च्या पावसाळ्यात झाली. सांगलीत कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती आणि खोकला म्हटले की प्रत्येकाच्या पोटात गोळा येत असे. माझी कोरोनाची तपासणी दोनदा निगेटिव्ह आली. नंतर जिना चढताना धाप लागू लागली, छातीचा एक्स-रे काढला आणि उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी साचलेले दिसले. ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो त्यांनी ते पाणी काढून तपासले आणि क्षयरोगाचा उपचार सुरू केला. त्यांना दोष द्यावा असे मला आज वाटत नाही. आपल्याकडे फुफ्फुसाभोवती पाणी म्हटले की आधी क्षयच आठवतो, आणि पुष्कळदा तो असतोही. मात्र ती साडेतीन महिने मी रोज मूठभर गोळ्या घेत होते, लघवी केशरी होत होती, सगळे म्हणत होते की औषध लागू पडत आहे, आणि धाप वाढत होती. दुसऱ्यांदा पाणी काढले तेव्हा ते लालसर होते. त्यातल्या पेशींच्या तपासणीत 'अ‍ॅडिनोकार्सिनोमा' हा शब्द आला, म्हणजे एका प्रकारचा कर्करोग. फुफ्फुसाचा कर्करोग आधी क्षय समजून हाताळला गेल्याच्या कहाण्या पुढे मुंबईत मी इतक्या जणांकडून ऐकल्या की माझी कहाणी सांगायचीही मला गरज वाटेनाशी झाली.

महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघायचे, सकाळी दादरला उतरायचे, तेथून परळला टाटा स्मारक रुग्णालयात जायचे, हा आमचा क्रम डिसेंबरमध्ये सुरू झाला. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले की लगेच किमो सुरू करायची घाई नको, आधी गाठीतल्या जनुकांची तपासणी करू. त्यात विशिष्ट बदल सापडला तर तुम्हाला गोळी देता येईल. क्षयाची औषधे त्यांनी त्याच दिवशी बंद केली. त्यातले रिफाम्पिसिन यकृताला इतके कामाला लावते की ही दुसरी गोळी रक्तात टिकूच देत नाही, असे त्यांनी समजावले. तपासणीचा अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागणार होते. त्या दिवसांत माझे आयुष्य एका वाक्यावर अडले होते, आणि ते वाक्य कुठल्याशा प्रयोगशाळेत अजून टाइप व्हायचे होते.

ते दिवस आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत काढले. तिथे माझी ओळख जत तालुक्यातल्या एका निवृत्त एसटी वाहकांशी झाली. आजार तोच, अवस्था तीच, आणि तेही अहवालाचीच वाट पाहत होते. सकाळी चहाला बसलो की ते मला 'ताई' म्हणत आणि मी त्यांना 'भाऊ'. मला भेटायला येणारा प्रत्येक जण हळहळून म्हणायचा, "यांनी तर कधी सिगारेट पाहिलीसुद्धा नाही हो, यांना कसा झाला?" आणि मीही मान डोलवत असे. एकदा असे कोणी बोलून गेल्यावर भाऊ शांतपणे म्हणाले, "ताई, मी बिडी ओढली. लोक इचारत्यात तवा हो म्हणतो. हो म्हटलं की पुढं कोण काय इचारत नाही."

त्या दिवसापासून 'मी कधी ओढली नाही' हे वाक्य मी स्वतःहून कोणाला सांगितलेले नाही. कर्करोग झाल्याचे दुःख मला होते, त्यावर निर्दोष असल्याचा मानही मला मिळत होता. तो मान भाऊंच्या ताटातला काढून माझ्या ताटात वाढला जात होता, हे तोवर माझ्या लक्षातच आले नव्हते. जगात फुफ्फुसाचा कर्करोग होणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी कधीही धूम्रपान केलेले नसते. हवेच्या प्रदूषणाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे. माझे बालपण चुलीच्या धुरात गेले आहे. कारण शोधायला बसले तर पुष्कळ सापडतील. पण बिडी ओढलेल्या माणसाला धाप लागते तेव्हा ती काही कमी लागत नाही.

अहवाल जानेवारी २०२२ मध्ये आले. माझ्या गाठीत 'ईजीएफआर' नावाच्या जनुकात एकोणिसाव्या भागातला छोटासा तुकडा गळालेला सापडला. भाऊंच्या गाठीत असे काहीच सापडले नाही. आपल्याकडे तपासणी होणाऱ्या रुग्णांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याच्या वाट्याला हा बदल येतो. धूम्रपान न करणाऱ्यांत आणि स्त्रियांत तो जास्त आढळतो. "तुमाला गोळी लागू झाली, आमच्या नशिबात सलाइन," असे म्हणत भाऊंनी माझे अभिनंदन केले. मला उत्तर सुचले नाही. एकाच बाकावर बसलेल्या दोन माणसांना त्या कागदाने वेगवेगळ्या रांगांत उभे केले होते. त्यांचे किमोचे सलाइन सुरू झाले, अधूनमधून फोन होत राहिले, आणि त्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्यांच्या घरून फोन आला.

मला तेव्हा मिळालेल्या गोळीच्या, जेफिटिनिबच्या, जन्माची हकिकत मी नंतर समजून घेतली, आणि गणिताची शिक्षिका म्हणून ती मला फार आवडली. हे औषध २००२ मध्ये जपानमध्ये प्रथम मंजूर झाले. तेव्हा ते सरसकट सगळ्यांना दिले जाई. बहुतेकांना काहीच उपयोग होत नसे, पण थोड्या रुग्णांच्या गाठी काही आठवड्यांत वितळून जात, आणि असे का होते ते कोणालाच सांगता येत नव्हते. २००४ मध्ये बॉस्टनमधल्या दोन गटांनी या थोड्या रुग्णांच्या गाठी तपासल्या आणि त्यांत ईजीएफआर जनुकातले हे बदल सापडले. उत्तर आधी आले होते, रीत नंतर सापडली. वर्गात असे करणाऱ्या मुलांचे मी गुण कापत असे.

माझ्या बाबतीत जेफिटिनिबने दहाव्या दिवशी खोकला थांबवला. महिन्याने मी जिना न थांबता चढले. यजमान वरच्या पायरीवर उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. याच टप्प्यावर घेतलेला एक निर्णय मात्र अजून मनात खुपतो. टाटामधल्याच डॉक्टरांनी ३५० रुग्णांवर अभ्यास करून दाखवले होते की या गोळीसोबत किमोही दिली तर आजार आवरलेला राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर जातो. अर्थात त्रासही वाढतो. डॉक्टरांनी दोन्ही पर्याय माझ्यापुढे ठेवले होते. किमोच्या नावाने माझे पाय गळाले आणि मी फक्त गोळी मागितली. तो निर्णय बरोबर होता की भित्रा, याचा हिशेब मी पुष्कळदा मांडून पाहिला आहे आणि तो दर वेळी वेगळा येतो.

आता त्या 'गोळीच तर आहे'विषयी. तिसऱ्या आठवड्यात माझ्या नाकावर, गालांवर आणि छातीवर पुटकुळ्या उठल्या, साठीला टेकलेल्या बाईला सोळाव्या वर्षी येतात तशा, पण खाजणाऱ्या आणि दुखणाऱ्या. मग त्वचा कोरडी पडून टाचांना भेगा गेल्या. तोंड आले, आमटीचा घास जाळ वाटू लागला. जुलाबांचे दिवस तर एसटीत बसण्याची हिंमतच काढून घेतात. सांगलीहून कोल्हापूरला लग्नाला जायचे तर वाटेत कुठे कुठे स्वच्छतागृह आहे याचा नकाशा मनात तयार ठेवावा लागतो आणि पोटात ताक-भाताखेरीज काही घालता येत नाही. सगळ्यांत चिवट निघाली ती नखुरडी. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या नखांच्या कडा सुजतात, पिकतात, महिनामहिना बऱ्या होत नाहीत. दोन बोटांवर माणसाचा केवढा संसार चालतो हे तोवर मला ठाऊक नव्हते. लसूण सोलणे, ब्लाउजचे हूक लावणे, निऱ्यांना पिन टोचणे, मिरचीचे देठ काढणे, नोटा मोजणे, सगळे अडते. कणीक मळण्याचे काम तेव्हापासून यजमानांकडे गेले ते गेलेच. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातची पोळी खाल्ली, आणि ती गोल नसली तरी मऊ होती.

पापण्यांचे केस लांब होऊन वळू लागले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बाई, डोळे काय सुंदर दिसायला लागलेत तुमचे!" ते केस आत वळून बुबुळाला टोचतात आणि दर पंधरा दिवसांनी यजमान भिंगातून पाहत ते छोट्या कात्रीने कापतात, हे मी त्यांना सांगितले नाही, त्यांचे कौतुक मला तसेच्या तसे हवे होते.

पुढे एकदा या सगळ्याचे मूळ वाचण्यात आले आणि मी चकित झाले. स्टॅनली कोहेन नावाच्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या लाळग्रंथींतून एक द्रव्य वेगळे केले होते. ते नवजात पिलांना टोचले की त्यांचे डोळे वेळेआधी उघडत आणि दातही लवकर फुटत. ते त्वचेच्या पेशींना वाढायला सांगणारे द्रव्य होते, आणि त्या शोधासाठी त्यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पेशीच्या पृष्ठभागावर हा निरोप झेलणारी जी कडी असते, तीच ईजीएफआर; ती कशी घडवायची हे त्याच नावाचे जनुक सांगते. माझ्या गाठीत ती कडी बिघडली आहे आणि कोणी न वाजवताच सतत वाजते. गोळी तिला गप्प करते. पण त्याच जातीची धडधाकट कडी माझ्या त्वचेत, नखांच्या मुळाशी, आतड्याच्या अस्तरात आणि पापण्यांतही आहे. तिचाही आवाज दबतो. अशा गोळ्यांना लक्ष्यवेधी उपचार म्हणतात खरे, पण बाण जिथे पोहोचतो तिथे जाण्याची वाट माझ्याच अंगातून आहे. पुटकुळ्यांचा राग त्या दिवसापासून कमी झाला; मलम मात्र तेवढेच लावावे लागते.

लोकांच्या सल्ल्यांविषयी थोडेसे. सांगली हळदीचे गाव, तेव्हा हळद सुचवली नाही असा माणूस मला भेटलेला नाही. भाजीतली हळद मी खाते, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणि काढे डॉक्टरांच्या सांगण्यावरून टाळते. जेफिटिनिब चालू असताना आम्ल कमी करणारी साधी पित्ताची गोळीही विचारल्याशिवाय घ्यायची नव्हती, कारण पोटातले आम्ल कमी झाले की ती नीट शोषली जात नाही. आपल्या घरांत पित्ताची गोळी चण्या-फुटाण्यांसारखी खाल्ली जाते, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

चौदाव्या महिन्यात, मार्च २०२३ मध्ये, खोकला परत आला. पहिले चार दिवस मी तो घरच्यांपासून लपवला; उशीत तोंड खुपसून खोकत असे. औषध कधीतरी निकामी होणार हे डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितले होते, कागदावर लिहूनही दिले होते, आणि तरीही मनाने ते दुसऱ्या कोणाविषयी आहे असे मानले होते. स्कॅनमध्ये जुनी गाठ वाढलेली आणि यकृतात एक नवा ठिपका दिसला. या वेळी सुई फुफ्फुसात घालावी लागली नाही. दंडातून काढलेल्या रक्तात गाठीच्या जनुकांचे तरंगणारे तुकडे शोधले गेले. ती कडी अमिनो आम्लांच्या लांब साखळीची बनलेली असते; तिच्यातल्या ७९० व्या जागचे एक आम्ल बदलले होते. नुसत्या एका जागेच्या बदलाने गोळीला बसायला जागा उरली नव्हती. जेफिटिनिबसारखी औषधे आधी लागू पडून पुढे निकामी ठरलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांत हाच बदल सापडतो, आणि त्यासाठी ऑसिमर्टिनिब नावाची दुसरी गोळी २०१५ पासून अस्तित्वात आहे. 'तो बदल सापडला' हे सांगताना डॉक्टर हसले. आजाराने नवी युक्ती शोधली म्हणून आम्ही पेढे आणले, असे ते विचित्र सुख होते.

त्या गोळीची छापील किंमत महिन्याला लाखाच्या वर जाते. कंपनीच्या साहाय्य योजनेतून काही महिने विकत घेतल्यावर पुढच्या गोळ्या मिळतात. ते काही महिने निभावण्यासाठी आम्ही गावाकडचे वीस गुंठे विकले. अर्ज, शिक्के, दाखले आणि फोन यांची व्यवस्था माझा एक जुना विद्यार्थी पाहतो, जो आता औषधविक्रेता आहे. "बाई, तुम्ही फक्त गोळी घ्या, बेरीज-वजाबाकी माझ्याकडे," असे तो म्हणाला. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात कर्करोगाच्या तीन औषधांवरचे सीमाशुल्क पूर्ण माफ झाले आणि त्यात हे एक होते. पुढे सप्टेंबरमध्ये जीएसटी परिषदेने त्यावरचा कर १२ वरून ५ टक्के करण्याचे ठरवले. त्या संध्याकाळी यजमानांनी बातमी दोनदा वाचून दाखवली. ज्यांच्याकडे विकायला गुंठाही नाही आणि जनुकांची तपासणीसुद्धा ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे, त्यांचे काय, हा प्रश्न मात्र परळच्या पदपथावर चादर टाकून बसलेल्या कुटुंबांकडे पाहताना दर खेपेला समोर येतो. करात सूट मिळाली तरी अशा घरांसाठी ही गोळी दूरच आहे, आणि हे बदलायला हवे असे मला तीव्रतेने वाटते.

या दुसऱ्या गोळीचा त्रास तुलनेने कमी आहे. ती मेंदूपर्यंतही पोहोचते, आणि या आजारात तेही महत्त्वाचे असते. हृदयावर लक्ष ठेवावे लागते म्हणून ईसीजी आणि इको होतात. दर तीन महिन्यांनी स्कॅन असतो. त्याच्या आदल्या आठवड्यात मी कपाटे आवरते. यजमान काही विचारत नाहीत, फक्त वरच्या फळीवरचे डबे काढून देतात. स्कॅनसाठीचे औषध शिरेत सोडले की क्षणात सगळ्या अंगभर ऊब पसरते, यंत्र सांगते श्वास रोखा, आणि ज्या श्वासासाठी हा सारा खटाटोप आहे तोच मी रोखून धरते. अहवाल हाती येईपर्यंतचे दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.

स्कॅनच्या रांगेत मला एक पस्तिशीची मुलगी भेटते. तिच्या गाठीत 'आल्क' नावाचा वेगळा बदल आहे, जो जपानी संशोधकांनी २००७ मध्ये शोधला. ती लोर्लाटिनिब घेते. त्या औषधाच्या अभ्यासात पाच वर्षांनंतरही ६० टक्के रुग्णांचा आजार पुढे सरकलेला नव्हता, हे ती मला सांगते तेव्हा तिचा चेहरा उजळतो. तिचे वजन वाढले आहे, बोलताना नेमका शब्द हरवतो, म्हणून ती पर्समध्ये छोटी वही ठेवते. तिचा मुलगा पहिलीत आहे. 'वही' हा शब्दच तिला एकदा आठवला नव्हता आणि आम्ही दोघी त्यावर खूप वेळ गप्प बसलो होतो.

आकड्यांचे काय करायचे हे मला तरी कळायला हवे होते. माझ्या परिस्थितीतल्या रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासात ऑसिमर्टिनिबने आजार आवरून धरल्याचा मध्यक १०.१ महिने होता. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरची पाने उलटून फेब्रुवारीवर बोट ठेवले आणि तिथे मुदत संपते असे धरून बसले. मध्य, मध्यक आणि बहुलक ज्या बाईने आयुष्यभर शिकवले, तिने ही चूक करावी! मध्यक शिकवताना मी मुलांना मैदानावर उंचीप्रमाणे उभे करत असे आणि मधल्या मुलाला एक पाऊल पुढे यायला सांगत असे. "आता याच्या उजवीकडे किती जण आहेत?" असे विचारले की मुले मोजत. उजवीकडे निम्मा वर्ग असे, आणि टोकाचा मुलगा मधल्यापेक्षा किती उंच आहे ते मधल्या मुलाकडे पाहून कधीच सांगता येत नसे. हे आठवायला मला चार महिने लागले. एप्रिल २०२३ मध्ये ही गोळी सुरू झाली. आज सत्तावीस महिने झाले आहेत. मी रांगेत उजवीकडे कुठेतरी उभी आहे. माझ्या पुढे किती जण आहेत हे मान वळवून पाहता येत नाही, आणि डावीकडे जे बसले त्यांच्यात मला प्रत्येक वेळी भाऊ दिसतात, जरी त्यांची रांगच वेगळी होती.

गेल्या महिन्यात शाळा सुरू झाल्या तेव्हा शेजारची मुलगी आईबरोबर आली. यंदा तिची आठवी आहे. "बाई, गणित शिकवाल का? दहावीपर्यंत?" असे तिने विचारले. तिच्या आईने तिला कोपराने ढोसले, कारण आईला ठाऊक आहे. स्वयंपाकघरातून यजमानांच्या हातातल्या भांड्यांचा आवाज थांबला. मी मुलीला विचारले, "पुस्तक आणलं आहेस का?"

पहिला पाठ परिमेय व अपरिमेय संख्यांचा आहे. दोनचे वर्गमूळ संख्यारेषेवर दाखवायचे होते. एक एककाचा लंब उभारला, कर्ण जोडला आणि कंस काढायला कंपास हातात घेतला तर उजव्या अंगठ्याचे नखुरडे ठणकले. तेव्हा कंपास डाव्या हाताने फिरवला. कंस जरा वाकडा आला, पण रेषेला १.४ च्या थोडा पुढे जाऊन मिळाला. मुलीने त्या जागी ठिपका दिला आणि म्हणाली, "बाई, आता तीनचं वर्गमूळ मी काढते."